किशोरवयीन आरोग्य, कातकरी समाजातील (मुळशी तालुका)

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या (मुख्यालय पौड) डोंगराळ भागात राहणाऱ्या कातकरी समाजातील किशोरवयीनांच्या, म्हणजे 10 ते 19 वर्षे वयोगटाच्या, स्वच्छता व पोषणाचा प्रश्न. कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणे कातकरी ही राज्यातील आदिम जमातींत गणली जाते. बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन असल्याने पावसाळा सरला की ती वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात. मुलेही सोबत गेल्याने शाळा सुटते आणि शाळेबरोबर माध्यान्ह भोजन (सहावी ते आठवीसाठी 700 किलोकॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने) व लोह आणि फॉलिक आम्लाची साप्ताहिक गोळीही सुटते.

याचा मोठा फटका मुलींना बसतो. मासिक पाळीतील रक्तस्राव व लोहाची कमतरता असलेला आहार यांमुळे रक्तक्षय होतोच. त्यात उघड्यावरील शौचामुळे दूषित झालेल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांतून शरीरात शिरतात व पुढे आतड्यात राहून रक्त शोषतात, त्यामुळे शौचालय, चप्पल आणि आहार हे वेगवेगळे विषय मानता येत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतात 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये सुरू केलेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना सवलतीत सॅनिटरी पॅड देण्याची तरतूद होती, परंतु तीही शाळेशीच बांधलेली होती. गोळ्या, जंतनाशक औषध आणि शौचालय या सोयी वीटभट्ट्यांवरही पोचवणे अत्यावश्यक आहे.