चिक चॉकलेट : जॅझवादक ते संगीत संयोजक – एका कारकिर्दीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास मराठीत प्रामुख्याने संगीतकार, गायक आणि गीतकार या तिघांभोवती लिहिला गेला आहे. गीताची चाल कोणी बांधली, ते कोणी गायिले आणि शब्द कोणाचे, एवढे नोंदविले की गीताचा इतिहास पूर्ण झाला असे सामान्यतः मानले जाते. परंतु ध्वनिमुद्रिकेवर प्रत्यक्ष जे ऐकू येते, त्यात आणखी एका व्यक्तीचा मोठा वाटा असतो. गीताच्या आरंभी कोणते वाद्य वाजावे, दोन कडव्यांमधील जागा कोणत्या सुरावटीने भरावी, गायकाच्या स्वरामागे व्हायोलिनचा समूह कोठे उमटावा आणि ट्रम्पेट कोठे थांबावा, हे ठरवून कागदावर उतरविणारी ही व्यक्ती म्हणजे संगीत संयोजक होय. चित्रपटसृष्टीच्या बोलीत तिला 'अरेंजर' म्हणतात.

प्रस्तुत लेखात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोमंतकीय ट्रम्पेटवादक व संगीत संयोजक आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) यांच्या कारकिर्दीचा आढावा घेतला आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील ज्या गुणविशेषाला ढोबळमानाने 'पाश्चात्त्य प्रभाव' म्हटले जाते, तो केवळ परदेशी तबकड्या ऐकून केलेल्या अनुकरणातून आलेला नाही. त्यामागे विशिष्ट शिक्षण घेतलेल्या वादकांचे श्रम आहेत आणि त्या श्रमांची नोंद इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही, हे या आढाव्यातून स्पष्ट होते.

गोमंतकीय पार्श्वभूमी

चिक चॉकलेट यांचा जन्म १९१६ मध्ये गोव्यातील बार्देश तालुक्यातील हळदोणे येथे झाला. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना संगीताचे शिक्षण दिले जाई. तेथील शिक्षकाला 'मेस्त' म्हणत. स्वरलेखन पाहून गाणे, व्हायोलिन अथवा एखादे फुंकवाद्य वाजविणे आणि चर्चमधील प्रार्थनासंगीतात भाग घेणे, असे या शिक्षणाचे स्वरूप होते. चर्चमधील गायनासाठी दिलेल्या या शिक्षणाचा लौकिक परिणाम मात्र फार दूरवर पोहोचला. गोव्यात उपजीविकेची साधने मर्यादित होती. त्यामुळे तेथील तरुण जसे बोटीवर, स्वयंपाकघरात वा कचेरीत काम शोधण्यासाठी मुंबईस येत, तसेच संगीताचे कागद वाचू शकणारे वादकही येत. मूकपटांच्या काळातील चित्रपटगृहे, सैनिकी व संस्थानी बँड आणि मोठी हॉटेले या सर्व ठिकाणी त्यांना मागणी होती.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. हिंदुस्थानी संगीताची परंपरा मौखिक असून तीत गुरुमुखातून विद्या घेतली जाते. गोमंतकीय वादकाची विद्या मात्र कागदावर लिहिता आणि कागदावरून वाचता येणारी होती. एकाच वेळी वीस-तीस वादकांकडून निरनिराळ्या सुरावटी अचूक वाजवून घ्यावयाच्या असतील, तर ही लेखनविद्या अपरिहार्य ठरते. पुढे चित्रपटसृष्टीला गोमंतकीय वादकांची जी गरज भासली, तिचे मूळ येथे आहे.

मुंबईतील जॅझ

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांसारखे अमेरिकन वादक येथे आले. वेदरफर्ड यांचे १९४५ मध्ये कलकत्त्यात निधन झाले. अमेरिकेत वर्णभेद सोसणाऱ्या या कलावंतांना परदेशातील हॉटेलांत अधिक सन्मान आणि बरे वेतन मिळे. त्यांच्या सहवासात गोमंतकीय, पारशी व अँग्लो-इंडियन वादकांना जॅझचा प्रत्यक्ष परिचय झाला. कागदावरील संगीत त्यांना येतच होते. कागदावर नसलेले संगीत, म्हणजे एखादी सुरावट घेऊन त्या क्षणी तिचा उत्स्फूर्त विस्तार करणे, हे त्यांनी या पाहुण्यांकडून आत्मसात केले. हिंदुस्थानी गायकाच्या उपजेशी या गुणाचे असलेले नाते पुढे चित्रपटसंगीतात उपयोगी पडले.

चिक चॉकलेट याच पिढीचे होत. लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श होता. त्यांची ट्रम्पेटवादनाची शैली आणि खर्जातील घोगरा गायनस्वर यांमुळे त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हटले जाई. १९४० च्या दशकात त्यांचा 'म्युझिक मेकर्स' हा वाद्यवृंद मुंबईत नावारूपाला आला. अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेलात आणि पुढे शेजारच्या ताजमहाल हॉटेलात त्यांनी वादन केले. ज्या जागी ग्रीन्स हॉटेल होते, तेथे आज ताजचा मनोरा उभा आहे. या स्वरूपाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम्स अशी वाद्ये असत. प्रत्येक वाद्याची क्षमता आणि मर्यादा जाणून त्यांची सांगड घालणे हे वाद्यवृंदाच्या प्रमुखाचे काम असे. संगीत संयोजनाची खरी शाळा हीच होती.

हॉटेलातून स्टुडिओकडे

१९४७ नंतरची काही वर्षे मुंबईतील जॅझवादकांच्या दृष्टीने संक्रमणाची ठरली. ब्रिटिश अधिकारी व सैनिक यांचा श्रोतृवर्ग मायदेशी परतला. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ मुळे हॉटेलांतील रात्रीच्या कार्यक्रमांचे अर्थकारण कोसळले. फाळणीमुळे लाहोरची चित्रपटसृष्टी विस्कटली व तेथील अनेक कलावंत मुंबईत आले. लाहोरमध्ये वाद्यवृंद चालविणारे आणि पुढे शंकर-जयकिशन यांचे संयोजक म्हणून गाजलेले गोमंतकीय सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांपैकीच होत. एकीकडे हॉटेलांतील काम घटत असताना दुसरीकडे चित्रपटांचा वाद्यवृंद मोठा होत होता. अशा परिस्थितीत अनेक जॅझवादक दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात अशी दुहेरी नोकरी करू लागले. चिक चॉकलेट यांची कारकीर्दही याच दुहेरी मार्गाने पुढे गेली.

सी. रामचंद्र यांच्याशी सहकार्य

चिक चॉकलेट यांच्या कारकिर्दीतील सर्वांत फलदायी पर्व सी. रामचंद्र यांच्या सहवासात घडले. रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) हे अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेत विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले होते. मराठी नाट्यसंगीत व भावगीत यांचा संस्कार, हार्मोनियमवरील हुकमत आणि नव्या नादांविषयीचे अमर्याद कुतूहल हे त्यांचे भांडवल होते. 'शहनाई' (१९४७) या चित्रपटातील 'संडे के संडे' या गीताने त्यांनी हलक्याफुलक्या पाश्चात्त्य ढंगाचा पाया घातलाच होता. एक हळदोण्याचा, दुसरा पुणतांब्याचा. एकाची विद्या कागदाची, दुसऱ्याची कंठाची. या दोन विद्यांचा संगम मुंबईच्या स्टुडिओत झाला.

त्या काळी गीताची घडण साधारणतः पुढीलप्रमाणे होई. संगीतकार हार्मोनियमवर चाल गाऊन दाखवी. सहाय्यक ती स्वरलेखनात उतरवून घेई. संयोजक त्या चालीसाठी आरंभीचे संगीत, कडव्यांमधील तुकडे आणि मुख्य चालीच्या पोटात वाजणारी दुसरी सुरावट योजी. त्यानंतर प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र कागद तयार केला जाई. गायक आणि सर्व वादक यांचे ध्वनिमुद्रण एकत्रच होत असल्याने एका वादकाची चूक झाली तरी संपूर्ण गीत पुन्हा घ्यावे लागे. संयोजकाच्या कागदावर सर्वांचा वेळ आणि निर्मात्याचा पैसा अवलंबून असे.

भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा, यांचा 'अलबेला' (१९५१) हा या सहकार्याचा सर्वाधिक लोकप्रिय आविष्कार होय. त्यातील 'शोला जो भडके' या गीतात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा मेळ आढळतो. गीताची चाल गुणगुणण्यास सोपी असून ती कोणत्याही मराठी घरात सहज रुळावी अशी आहे. तिच्याभोवतीचा ताल व वाद्यांचा पेहराव मात्र नृत्यगृहातील आहे. हा पेहराव चालीवर वरून चढविलेला वाटत नाही, तर चाल आणि वाद्ये एकमेकांना उत्तरे देत पुढे जातात. सवाल-जवाबाची ही पद्धत तमाशाच्या प्रेक्षकाला परिचित होती आणि जॅझ वाद्यवृंदातही ती मूलभूत होती. या समानतेमुळेच हा संगम श्रोत्यांना परका वाटला नाही.

याच चित्रपटातील 'दीवाना परवाना' या नृत्यगीतात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह झालरीच्या बाह्यांचा पोशाख करून पडद्यावर अवतरतात. पडद्यामागील वादक पडद्यावर आल्याचा हा एक दुर्मीळ प्रसंग आहे. मदनमोहन यांच्यासह अन्य संगीतकारांकडेही त्यांनी काम केले. 'नादान' (१९५१), 'रंगीली' (१९५२) आणि 'कर भला' (१९५६) या चित्रपटांना त्यांनी स्वतः संगीतही दिले. मात्र त्यामुळे संगीतकार म्हणून त्यांना स्थिर स्थान मिळू शकले नाही. वादक, गायक, वाद्यवृंदप्रमुख, संयोजक आणि संगीतकार अशा पाच भूमिका त्यांनी निभावल्या. पण लोकस्मृतीत राहिली ती मुख्यतः पडद्यावरील आकृती. चेतन आनंद यांच्या 'आखरी खत' (१९६६) या चित्रपटातील, खय्याम यांनी स्वरबद्ध केलेल्या क्लबगीतातही ते ट्रम्पेट वाजविताना दिसतात. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

श्रेयाचा प्रश्न

या संमिश्र संगीताला तत्कालीन अभिजनांचा विरोध होता. केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर हे स्वतः मराठी भाषक व शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या कारकिर्दीत १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर चित्रपटगीते सरकारी नभोवाणीवर परतली. या वादात संगीतकारांवर टीकाही झाली आणि त्यांचे समर्थनही झाले. संयोजक मात्र या दोन्हींपासून वंचित राहिला. ज्या नादावर एवढी चर्चा झाली, तो नाद कागदावर लिहिणारा चर्चेत कोठेही नव्हता.

यामागे काही ठोस कारणे आहेत. संयोजकाचा मोबदला कामापुरता असे व ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतील वाट्यावर त्याचा हक्क नसे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव बहुधा सहाय्यक म्हणून येई किंवा येतच नसे. भाषेचे अंतर हेही एक कारण होय. कोकणी, पोर्तुगीज व इंग्रजी बोलणाऱ्या या वादकांच्या आठवणी हिंदी-मराठी नियतकालिकांपर्यंत क्वचितच पोहोचल्या. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मजोर्डा येथील या व्हायोलिनवादक-संयोजकाचे नाव घराघरांत पोहोचले, ते त्यांच्या कार्यामुळे नव्हे, तर शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील एका विनोदी गीतातून त्यांना वाहिलेल्या गुरुवंदनेमुळे. ते नाव एका प्रत्यक्ष व्यक्तीचे आहे, हे असंख्य श्रोत्यांना ठाऊकही नव्हते.

संयोजकाला श्रेय दिल्याने संगीतकाराचे श्रेय उणे होते काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. तो अवास्तव आहे. 'अनारकली' (१९५३) मधील चाली रचणारे सी. रामचंद्र कोणत्याही एका सहकाऱ्याच्या आधारावर उभे नव्हते. योग्य सहकारी निवडणे आणि त्याच्या विद्येला आपल्या चालीत जागा देणे, हाही प्रतिभेचाच भाग होय. वास्तुरचनाकाराचे नाव घेतल्याने गवंड्याचे कौशल्य जसे नाकारले जात नाही, तसेच येथेही समजावयास हवे. इतिहासकाराचे काम श्रेय एकाकडून काढून दुसऱ्याला देण्याचे नसून, कामाची विभागणी जशी होती तशी मांडण्याचे आहे.

समारोप

चिक चॉकलेट यांच्या कारकिर्दीतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, चित्रपटसंगीतातील पाश्चात्त्य अंश ही गोव्यातील धार्मिक संगीतशिक्षण, अमेरिकन जॅझवादकांचा सहवास आणि मुंबईतील बदलते अर्थकारण यांची एकत्रित निष्पत्ती होती. दुसरी, जॅझवादकांचे चित्रपटसृष्टीकडे झालेले स्थलांतर केवळ आवडीतून नव्हे, तर उपजीविकेच्या गरजेतून घडले. तिसरी, श्रेयनामावली हे इतिहासाचे साधन असले तरी ते अपुरे आहे. ध्वनिमुद्रिका काळजीपूर्वक ऐकणे आणि वादकांच्या मौखिक आठवणी नोंदविणे, यांची जोड तिला द्यावी लागते.

हा विचार केवळ मुंबईपुरता मर्यादित नाही. भोर-वेल्हे परिसरात लग्नाच्या वरातीत वा गणपतीच्या मिरवणुकीत बँड लागला की 'अलबेला'च्या चाली निघतात आणि तरुण मंडळी भगवानदादांच्या लकबीने नाचू लागतात. ट्रम्पेट वा क्लॅरिनेट वाजविणारा कलावंत तेथेही निनावीच असतो. त्याने हे वाद्य कोणाकडे शिकले, कागद न वाचता चाल कशी बसविली, हंगाम नसताना त्याची उपजीविका कशी चालते, हे प्रश्न स्थानिक इतिहासाचेच आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून अशा वादकांच्या मुलाखती नोंदविल्यास मोलाची साधनसामग्री तयार होईल. चिक चॉकलेट यांचे नाव नोंदविण्यास जो विलंब झाला, तो गावोगावच्या वादकांबाबत तरी टाळता येणे शक्य आहे.