कच्चं गाणं ऐकताना

१९६२ सालच्या १ जानेवारीला लंडनमधल्या डेक्का कंपनीच्या स्टुडिओत लिव्हरपूलच्या एका बँडची ऑडिशन झाली. चौघं आदल्या दिवशी व्हॅनमधून बर्फातून रखडत लंडनला पोचले होते. स्टुडिओत त्यांनी एका बैठकीत १५ गाणी वाजवली. त्यातली १२ दुसऱ्यांची होती, ३ स्वतःची. काही आठवड्यांनी कंपनीने नकार कळवला. बँडचं नाव बीटल्स.

ही गोष्ट सहसा डेक्काला हसण्यासाठी सांगितली जाते. गिटारवाल्या बँडचे दिवस आता भरले, असं कंपनीच्या डिक रो यांनी सुनावल्याचं बीटल्सचे मॅनेजर ब्रायन एपस्टाईन यांनी लिहून ठेवलं. रो यांनी मात्र आपण असं बोलल्याचं नाकारलं. ते काही असो, तुम्ही ती गाणी एकदा ऐकाच. १९९५ मध्ये आलेल्या ‘अँथॉलॉजी १’ या अल्बममध्ये त्यातली ५ आहेत. आवाज बिचकलेला, ड्रम्स एकसुरी, आणि गाण्यांची निवड अशी की या पोरांना नेमकं काय व्हायचंय तेच कळत नाही. माझ्या कानाला तरी ती टेप बेताचीच वाटते. त्या दिवशी मी खुर्चीत असतो तर मलाही उडी माराविशी वाटली नसती.

पण गंमत पुढे आहे. त्या टेपवर बँडची स्वतःची जी ३ गाणी होती, ती तिन्ही पुढे दुसऱ्या गायकांनी आणि बँडनी रेकॉर्ड करून बाजारात आणली. त्यातलं ‘लाइक ड्रीमर्स डू’ हे ॲपलजॅक्स नावाच्या बँडने १९६४ मध्ये काढलं, आणि ती रेकॉर्ड छापली डेक्कानेच! म्हणजे गाणं दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच स्टुडिओत वाजून गेलं होतं. त्यांनी तेव्हा वाजवणं ऐकलं, गाणं ऐकलं नाही.

डेमो ऐकण्यातली खरी अडचण ही आहे. डेमो म्हणजे गाण्याचा कच्चा खर्डा. त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: गाणं आणि त्याचं आजचं वाजवणं. वाजवणं सुधारता येतं. गाण्यातच दम नसेल, तर मात्र महागडा माइकही काही करू शकत नाही.

मग नीट ऐकलं कोणी? ई.एम.आय.च्या जॉर्ज मार्टिन यांनी. एपस्टाईननी आणलेलं रेकॉर्डिंग ऐकून तेही काही हरखून गेले नव्हते. ६ जून १९६२ ला बँड त्यांच्या स्टुडिओत आला, तेव्हा बेसचा ॲम्प्लिफायर इतका वाईट होता की तंत्रज्ञांना तिथल्या तिथे दुसरा स्पीकर जोडून द्यावा लागला. रेकॉर्डिंग झाल्यावर मार्टिन आणि त्यांच्या माणसांनी चौघांना बसवून चुकांची लांबलचक यादी ऐकवली. शेवटी मार्टिननी विचारलं, तुम्हाला काही खटकतंय का? जॉर्ज हॅरिसन म्हणाला, तुमचा टाय आवडला नाही. सगळे हसले. टीका करणाऱ्याने समोरच्यालाही बोलायची जागा ठेवली, की ती टीका पोटात जाते ती अशी.

त्याच वर्षी या पोरांनी मार्टिनना ‘प्लीज प्लीज मी’ ऐकवलं, तेव्हा ते संथ, रडवेलं गाणं होतं. मार्टिननी ते मोडीत काढलं नाही, आणि ‘छान आहे, करत राहा’ असंही म्हटलं नाही. त्यांनी लय वाढवायला सांगितली. २६ नोव्हेंबरला नवी आवृत्ती रेकॉर्ड झाली, आणि १९६३ च्या सुरुवातीला ती ब्रिटनमधल्या अनेक याद्यांवर पहिल्या क्रमांकावर पोचली. बँड हातात घेऊन करू शकेल अशी एक सूचना, बस.

अशा शब्दांची किंमतही कोणीतरी मोजतं. जूनच्या त्या रेकॉर्डिंगनंतर मार्टिननी ड्रमर पीट बेस्टच्या वाजवण्याबद्दल नापसंती कळवली. रेकॉर्डिंगपुरता दुसरा ड्रमर घेऊ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ऑगस्टमध्ये बँडने बेस्टला काढूनच टाकलं. म्हणून बोलताना आपण वाजवण्याबद्दल बोलतोय की माणसाबद्दल, हे स्वच्छ ठेवावं लागतं.

आता याची उलट बाजू. कधीकधी कच्चेपणा हाच गाण्याचा जीव असतो. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर काही गाणी टेप केली. हेतू एवढाच, की बँडला चाल समजावी. मग पूर्ण बँडसोबत स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण घरच्या टेपमधला एकटेपणा स्टुडिओत येईना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ नावाने त्याच वर्षी अल्बम म्हणून निघाली. म्हणजे ‘आवाज साफ नाही’ हा शेरा मारण्याआधी, साफ केल्यावर काय पुसलं जाईल, हेही विचारायला हवं.

आपल्याकडेही कच्च्या रॉकचा साठा आहे. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा होत असे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धेतल्या बँडच्या एलपी निघाल्या. त्या ऐकल्या तर गिटारचा आवाज फाटका आणि घाई जाणवणारी. आज जगभरातले संग्राहक त्याच रेकॉर्ड शोधत फिरतात, परदेशात त्या पुन्हा छापल्याही गेल्या. पण तिथली भाषा इंग्रजी. मराठीत रॉक गाताना शब्दांचं काय होतं, हा प्रश्न त्या पोरांपुढे आलाच नाही.

तो आलाय पुण्यातल्या एका बँडपुढे. त्यांचा डेमो सध्या माझ्या फोनमध्ये आहे. खोलीत फोनवरच रेकॉर्ड केलेला, पंख्याच्या घरघरीसकट. गाणं आहे सदाशिव पेठेत पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन गावी परत निघालेल्या एका मुलाचं. चौघांनी पैसे जमवून स्टुडिओची एक शिफ्ट ठरवली आहे. पुढच्या महिन्यात त्यांचा बेसवाला नोकरीसाठी बंगळुरूला जातोय, त्यामुळे जे काही व्हायचं ते त्या एका शिफ्टमध्ये. त्यांच्या ग्रुपवर मित्रांनी ‘भारी’, ‘आग लावली’ असे मेसेज टाकलेत. एकाने ‘फालतू’ असंही लिहिलंय. यातला एकही शब्द त्या शिफ्टमध्ये उपयोगी पडणार नाही.

मी त्यांना चार गोष्टी कळवल्या.

एक, गिटारची सुरुवात १ मिनिट १० सेकंद चालते. ती निम्म्यावर आणा. ज्याची गोष्ट आहे तो मुलगा अजून आलेलाच नाही, आणि ऐकणारा निघून चाललाय.

दोन, धृपदातला ‘परीक्षा’ हा शब्द. चाल इंग्रजी वळणाची असल्यामुळे ‘प’ लांबतो आणि ‘री’ आखडतो. ऐकू येतं ‘पऽऽ रिक्षा’. पाच वर्षं पोरगा रिक्षाची वाट बघत होता असं वाटतं. मराठीत ‘री’ दीर्घ आहे, वजन तिथे पडू द्या. चाल एका मात्रेने सरकवली तरी जमेल.

तीन, दुसऱ्या कडव्यात तो आपली गादी खोलीत नव्याने आलेल्या पोराला देऊन टाकतो. अख्ख्या गाण्यातली सगळ्यात खरी जागा ती, आणि नेमकी तिथेच लीड गिटार बोंबलते. तिथे गिटार थांबवा. ती ओळ उघडी पडू द्या.

चार, पंखा. स्टुडिओत तो नसेल. धृपदात बरंच झालं. पण शेवटी आवाज एकटा उरतो, तिथे त्या घरघरीने खोलीचा उकाडा कळतो. शेवटचं कडवं खोलीतच, फोनवर रेकॉर्ड करून जोडता येईल का, ते बघा.

गाण्यात दम आहे, हेही लिहिलं. ते खरं नसतं, तर पैसे वाचवा असं सांगितलं असतं.

काल रात्री उत्तर आलं. पहिले दोन मुद्दे मान्य. गिटार थांबवायला गिटारवाला तयार नाही, त्यावर भांडण चालू आहे. आणि पंखा ठेवायचा असं चौघांचंही आधीच ठरलं होतं म्हणे.