स्वतः इंजिन ऑइल बदलणे

मोटारीच्या इंजिनातील जुने वंगण तेल व तेलाचा फिल्टर अधिकृत सेवा केंद्रात न जाता मालकाने घरीच बदलणे, यास स्वतः इंजिन ऑइल बदलणे असे म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे ही प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. भारतात हे काम प्रामुख्याने अधिकृत सेवा केंद्रे व स्थानिक गॅरेजे करतात.

आवश्यकता

इंजिन ऑइल फिरत्या भागांमधील घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचे कण स्वतःत धरून ठेवते. उष्णता, ऑक्सिडीकरण व ज्वलनातून येणारे आम्लधर्मी पदार्थ यांमुळे तेलाची व त्यातील पूरक द्रव्यांची क्षमता हळूहळू घटते. अमेरिकेत पूर्वी दर ३,००० मैलांनी (सुमारे ४,८०० किमी) तेल बदलण्याचा संकेत होता. सुधारित तेलांमुळे हे अंतर आता वाढले असून, अनेक आधुनिक पेट्रोल मोटारींसाठी ते १०,००० किमी किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे असते. नेमके अंतर वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. धूळ, सततची वाहतूक कोंडी किंवा थोड्या अंतराच्या फेऱ्या असल्यास ते कमी धरतात.

तेलाची निवड

तेलाची श्यानता एसएई या संस्थेच्या श्रेणीने दर्शवितात. ‘५डब्ल्यू-३०’ या श्रेणीत ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून त्याआधीचा अंक थंड तेलाची प्रवाहिता, तर नंतरचा अंक १०० अंश सेल्सियसच्या आसपासची श्यानता सांगतो. एपीआय वर्गीकरणात ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांसाठी, तर ‘सी’ने सुरू होणारे वर्ग डिझेल इंजिनांसाठी असतात. लहान व मध्यम मोटारींना साधारणपणे ३ ते ५ लिटर तेल लागते.

पद्धत

इंजिन काही मिनिटे चालवून तेल कोमट केले जाते, कारण कोमट तेल लवकर वाहते. मोटार सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढतात, चाकांना अडसर लावतात आणि आवश्यक असल्यास गाडी उचलून भक्कम स्टँडवर टेकवतात. त्यानंतर तेल भरण्याचे झाकण उघडून चेंबरच्या तळाचा बोल्ट सोडवतात व तेल भांड्यात गोळा करतात. बोल्टचा वॉशर सहसा नवा घालतात. बोल्ट अति आवळल्यास ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे खराब होतात.

जुना फिल्टर काढताना त्याचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे पाहणे महत्त्वाचे असते. एकावर एक दोन कडी बसल्यास इंजिन चालू होताच तेल वेगाने गळू शकते. नव्या फिल्टरच्या कड्याला तेलाचे बोट लावून तो हाताने घट्ट केला जातो. तेल भरल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून गळती तपासतात आणि ते बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहतात. प्रमाणापेक्षा जास्त तेलही इंजिनाला अपायकारक असते.

सुरक्षितता

केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाणे जीवघेणे ठरू शकते, कारण जॅक सरकू किंवा दाब सोडू शकतो. बंद जागेत इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊ शकते. वापरलेल्या तेलाचा त्वचेशी दीर्घकाळ संपर्क अपायकारक असल्याने हातमोजे वापरतात.

वॉरंटी व कायदा

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, विनामूल्य सेवा किंवा फेडरल ट्रेड कमिशनने दिलेली सूट हे अपवाद वगळता, विशिष्ट विक्रेत्याकडूनच देखभाल करून घेण्याची अट वॉरंटीस जोडता येत नाही. मात्र चुकीच्या कामामुळे किंवा अयोग्य तेलामुळे बिघाड झाला, तर त्या बिघाडाची भरपाई निर्माता नाकारू शकतो. त्यामुळे तेल व फिल्टरची बिले, दिनांक आणि किलोमीटरची नोंद जपून ठेवणे उपयुक्त ठरते.

भारतात भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, स्वतंत्र गॅरेजातून सेवा घेतल्यास वॉरंटी सरसकट रद्द करणाऱ्या अटींना मनाई केली. काही कंपन्यांनी या आदेशास पुढे आव्हान दिले.

लाभ व मर्यादा

घरी काम केल्याने मजुरी वाचते, तेलाचा दर्जा मालकास स्वतः ठरविता येतो आणि गळतीसारखे दोष लवकर लक्षात येतात. सुरुवातीला मात्र जॅक, स्टँड, पाने व भांडे यांचा खर्च येतो. सेवा केंद्रात ब्रेक, टायर व निलंबन यांची तपासणी आणि निर्मात्याने सुचविलेल्या दुरुस्त्याही त्याच वेळी होऊ शकतात. घरी तेल बदलणाऱ्यास या तपासण्यांची वेगळी व्यवस्था करावी लागते.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार एका वेळी बदललेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. ते गटारात, जमिनीवर किंवा कचऱ्यात टाकणे धोकादायक आहे. अमेरिकेत सुट्या भागांची अनेक दुकाने ते विनामूल्य स्वीकारतात. कॅलिफोर्नियात १९९१ च्या कायद्यान्वये प्रमाणित संकलन केंद्रे चालतात.

भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. २०२३ मधील दुरुस्तीने उत्पादकांवर त्याच्या पुनर्चक्रीकरणाची विस्तारित जबाबदारी टाकण्यात आली व ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. घरी तेल बदलणाऱ्याने जुने तेल झाकणबंद डब्यात साठवून, ते अधिकृत पुनर्चक्रीकरणाकडे पाठविणाऱ्या सेवा केंद्राकडे किंवा संकलकाकडे सोपविणे योग्य ठरते. त्यात पाणी, रॉकेल किंवा शीतक मिसळल्यास त्यावर पुनर्प्रक्रिया करणे अवघड होते. रिकाम्या डब्यांत बनावट तेल भरून विकले जाऊ नये, म्हणून ते छिद्र पाडून निकामी करतात.

विद्युत मोटारींत इंजिन ऑइल नसल्याने त्यांना ही देखभाल लागू होत नाही.