पोवाडे जमवणारा कमिशनर आणि माटुंग्याचा गॅस

एच. ए. ॲक्वर्थ हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलं असलंच तर ते पोवाड्यांमुळे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या जोडीने त्यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. पण हे गृहस्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांचा आश्रम त्यांनीच उभा केला. वडाळ्याचं आजचं ॲक्वर्थ रुग्णालय ते हेच. वाया जाणाऱ्या मिथेनकडून काहीतरी कामाचं करून घेण्याची जी खटपट आज जगभर चालली आहे, तिचं कूळ शोधत मागे गेलो, तर वाट थेट या आश्रमाच्या मैलापाण्याच्या टाकीत उतरली. शाहिरीचा नाद असलेला साहेब आणि नाक मुरडायला लावणारा गॅस एकाच पत्त्यावर भेटतील असं वाटलं नव्हतं.

आता वादाचा मुद्दा. बायोगॅसवरच्या लिखाणात सुरुवातीलाच एक वाक्य हमखास भेटतं: जगातला पहिला प्रकल्प १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरुग्ण वसाहतीत झाला. एकाने लिहिलं, पुढच्याने उतरवून घेतलं. मला हे साल अजिबात पटत नाही. १८५९ मध्ये माटुंग्याचा आश्रमच नव्हता. मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला तोच १८६५ च्या कायद्याने. माटुंग्याच्या टाक्यांवर गॅस धरायची सोय केली आणि त्या गॅसवर इंजिन चालवलं, ही दुसरी नोंद १८९७ ची आहे आणि तिचे सांधे जुळतात.

मग १८५९ आलं कुठून? माझा तर्क सांगतो, पुरावा मागू नका. इंग्लंडातल्या एक्झेटर गावी डोनाल्ड कॅमेरॉनने सेप्टिक टँक बांधला आणि त्यातल्या गॅसवर दिवे पेटवले ते १८९५ मध्ये. या कथेत एक्झेटर आणि मुंबई नेहमी शेजारी शेजारी येतात. कुणा नकलाकाराने शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल केली आणि चुकीचं साल चुकीच्या गावाला चिकटवलं, की झालं १८५९! याहून सोपा खुलासा कुणाकडे असेल तर जरूर द्यावा.

एक्झेटरवाले म्हणतील, तरी दोन वर्षांनी आम्हीच आधी. कबूल. पण दिवा लावणं वेगळं आणि इंजिन ओढणं वेगळं. १८९७ मध्ये ॲक्वर्थ खुर्चीवर नव्हते आणि शहर प्लेगने हैराण झालेलं होतं. अशा वेळी हे सुचलं तरी कसं? मला वाटतं, बंदिस्त वस्ती, ठरलेली माणसं आणि रोज ठरलेलं मैलापाणी, एवढ्यावरच इंजिनियरची नजर गेली असणार. ज्यांच्या मैल्यावर ते इंजिन फिरलं, त्यांना कुणी विचारलं असेल असं मात्र मला वाटत नाही.

पुढचा टप्पा सगळ्यांना पाठ आहे: गोबर गॅस, जशभाई पटेलांची ‘ग्रामलक्ष्मी’, खादी ग्रामोद्योग आयोग. या सगळ्यांनी मिथेन जाळला. पण मिथेन खाणारे जीवही आहेत, आणि माटुंग्यानंतर नऊच वर्षांनी, १९०६ मध्ये, हॉलंडात डेल्फ्टला सोंगेन या संशोधकाने ते वेगळे काढून दाखवले. मिथेनचा रेणू फोडायला रसायनशास्त्रज्ञाला भट्टी लागते. हे जीवाणू साध्या तापमानाला एका विकराच्या जोरावर त्याचं मिथेनॉल करतात आणि त्यावर स्वतःचं अंग भरतात. ते अंग म्हणजे प्रथिन. वाळवलं की कोंबड्या-माशांचं खाद्य होतं. काही जातींना नायट्रोजनची टंचाई केली की त्या पोटात चरबीसारखं प्लास्टिक साठवतात, मातीत कुजणारं. बंगळुरूची स्ट्रिंग बायो मिथेनपासून प्रथिन करण्याच्याच मागे आहे.

हे जीव बघायला हॉलंड गाठायला नको. आमच्या खरवईत एमआयडीसीच्या पलीकडे पावसाळ्यात एखाद्या भातखाचराच्या चिखलात काठी खुपसावी. बुडबुडे वर येतात, त्यात मिथेन असतो. व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतल्या मॅजोरे तळ्याकाठी असाच गाळ ढवळून हा वायू गोळा केला होता. खाली बिनहवेच्या चिखलात मिथेन करणारे असतात. भाताचं रोप पोकळ देठातून मुळांपर्यंत हवा नेतं, आणि मुळाच्या त्या पातळ थरात खाणारे टपून बसलेले असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर यांच्या गटाने आपल्याकडच्या भातखाचरातूनच एक नवा जीवाणू वेगळा केला आणि २०१८ मध्ये त्याचं वर्णन छापलं: मेथिलोकुकुमिस ओरायझी. फिकट गुलाबी, जीवाणूंच्या मानाने चांगला थोराड, आकाराने काकडीसारखा.

तरी कारखाने मोजकेच का? मिथेन पाण्यात जेमतेम विरघळतो, त्यामुळे टाकीत तो सतत घुसळत राहावं लागतं आणि विजेचं बिल चढतं. त्यात खाणाऱ्यांना ऑक्सिजनही हवा. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांत आलं की ठिणगी पुरते, म्हणून दोन्ही वायू अगदी मोजूनमापून सोडावे लागतात. माटुंग्याच्या टाकीला ही कटकट नव्हती. तिथे हवा बाहेर ठेवायची आणि गॅस धरायचा, एवढंच काम होतं.