कोलारची शांत खाण

सूक्ष्म कण कसे शोधतात, असं विचारलं की उत्तरात उपकरणांची नावं येतात. कोलारच्या सोन्याच्या खाणींचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर अर्धंच वाटतं. वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे म्युऑन जमिनीवर सतत बरसत असतात. त्या भडिमारात न्यूट्रिनोची दुर्मीळ खूण वेगळी काढणार कशी? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बी. व्ही. श्रीकांतन १९५१ मध्ये या खाणीत उतरले ते म्युऑन मोजायलाच. खोलीबरोबर त्यांची संख्या घटत गेली आणि पुढच्या दशकात अगदी खोल जागी काउंटर मुकाच राहिला. दुसऱ्या कुणी हा प्रयोग फसला म्हणून आवराआवर केली असती. एम. जी. के. मेनन आणि सहकाऱ्यांना मात्र त्या शून्यातच न्यूट्रिनोसाठी हवी ती जागा दिसली.

मुंबई, ओसाका आणि डरहॅमच्या गटांनी मग सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर सिंटिलेटर आणि निऑन फ्लॅश ट्यूबच्या भिंती उभारल्या. न्यूट्रिनो स्वतः दिसत नाही. खडकात तो क्वचित आदळला तर म्युऑन निघतो, आणि त्याचा माग ट्यूबमध्ये उमटतो. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदींवर विश्वास का ठेवायचा, ही शंका रास्तच. उत्तर दिशेत आहे. वरून येणाऱ्या म्युऑनला तिरक्या वाटेने कितीतरी जास्त खडक भेदावा लागतो, तो आडवा येऊच शकत नाही. म्हणजे आडवा माग न्यूट्रिनोचाच. ऑगस्ट १९६५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाने अशी नोंद आधीच केली होती, हे खरं. पण तीही दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतच. खाण आयती मिळाली, हा योगायोग म्हणावा तर म्हणावा. पण खोल खाणी जगात इतरही होत्या.

याच खाणीत १९८० नंतर प्रोटॉनच्या क्षयाच्या काही संभाव्य घटना दिसल्याचं जाहीर झालं. इतर प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही. यावरून शांततेवरचा भरवसा फोल ठरतो, असं कुणी म्हणेल. मला उलटं वाटतं: शांतता ज्याच्या त्याच्या शोधापुरती असते. प्रोटॉनच्या क्षयाची वाट पाहणाऱ्यांना वातावरणातला न्यूट्रिनो हाच मोठा गोंगाट होता.