वर्गासाठी घातलेला पाया

विज्ञान वा अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात रसायनशास्त्राची सुरुवात अणुभार, रेणू आणि आवर्तसारणी यांनी होते. हा क्रम मुळात अध्यापनाच्या गरजेतून घडला, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑक्सिजनचा अणुभार कोणी 8 मानी, तर कोणी 16, आणि त्यामुळे पाण्यासारख्या साध्या पदार्थाची सूत्रेही निरनिराळी लिहिली जात. जिनोआ विद्यापीठात शिकवणाऱ्या स्तानिस्लाओ कानिझारो यांनी 1858 साली आपल्या अभ्यासक्रमाची रूपरेषा प्रसिद्ध केली. समान तापमान व दाब असता वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हे ॲव्होगाड्रो यांचे 1811 मधील गृहीतक आधारास घेऊन त्यांनी अणुभार निश्चित करण्याची सुसंगत रीत तीत मांडली. 1860 मध्ये कार्ल्सरूहे येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत या रूपरेषेच्या प्रती वाटल्या गेल्या, आणि उपस्थितांत तरुण दिमित्री मेंडेलीव्हही होते.

पुढे सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात सामान्य रसायनशास्त्र शिकवताना मेंडेलीव्ह यांना रशियन भाषेत मनाजोगे पाठ्यपुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी ते स्वतःच लिहावयास घेतले. पहिल्या खंडात मोजकीच मूलद्रव्ये आली होती. उरलेली बहुसंख्य मूलद्रव्ये दुसऱ्या खंडात कोणत्या क्रमाने बसवावीत, या अगदी व्यावहारिक अडचणीतून हॅलोजन आणि अल्क धातू, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारखे अतिक्रियाशील धातू, यांच्या अणुभारांची तुलना पुढे आली, आणि 1869 मध्ये तेव्हा ज्ञात असलेल्या 63 मूलद्रव्यांची सारणी तयार झाली. तीत त्यांनी धैर्याने रिकाम्या जागा राखल्या. त्यांपैकी एक 1875 मध्ये गॅलियमने, तर दुसरी 1886 मध्ये जर्मेनियमने भरली.