तीस थापांची परीक्षा

राखलेल्या वाटा सोडून डोंगरात शिरणारे स्कीपटू संशयास्पद उतारापाशी फावड्याने खड्डा खणतात, बर्फाचा एक खांब सुटा करतात आणि त्यावर थापा मारतात. शोध असतो तो वरच्या घट्ट थराखाली दडलेल्या कच्च्या थराचा. हा थर कधी गाडल्या गेलेल्या हिमतुषारांचा असतो, कधी साखरेसारख्या सुट्या दाण्यांचा. तो तुटला की ३० ते ४५ अंशांच्या उतारावर वरची अख्खी लादी सुटते.

या परीक्षेची सुरुवात प्रयोगशाळेत झाली. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वर, वाइसफ्लूयोख येथे रॉबर्ट हेफेली या अभियंत्याने मृदाशास्त्राची पद्धत बर्फाला लावली. शंकूच्या टोकाची नळी बर्फात रोवायची, तिच्यावर ठरावीक उंचीवरून वजन सोडायचे आणि दर ठोक्याला ती किती खोल जाते ते मोजायचे. मात्र नेमका घात करणारा, काही मिलिमीटर जाडीचा थर या नळीच्या तावडीतून निसटत असे.

स्विस सैन्याने मग माणसालाच वजन केले. उतारावर दोन मीटर रुंद आणि दीड मीटर लांब ठोकळा चारी बाजूंनी मोकळा करायचा, स्कीसकट त्यावर चढायचे, गुडघे वाकवायचे, शेवटी उड्या मारायच्या. पॉल फ्योन यांनी १९८७ साली या चाचणीची शास्त्रीय मांडणी प्रसिद्ध केली. ठोकळा खणतानाच घसरला तर गुण १, उड्यांनाही दाद दिली नाही तर ७. चाचणी भरवशाची, पण खणणे कष्टाचे.

कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांतील रक्षकांनी १९७० च्या दशकात काम आटोपशीर केले. तीस सेंटिमीटर चौरस खांब, त्यावर आडवे ठेवलेले फावड्याचे पाते आणि हाताच्या थापा: मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. कितव्या थापेला खांब तुटला, हाच निकाल. थाप प्रत्येकाची वेगळी, हे उघडच होते. पण खरी उणीव निराळी होती. थर कधी तुटतो हे या खांबावर कळे; तडा पुढे धावेल का, हे एवढ्याशा खांबावर कळणार कसे?

हिमस्खलन तर धावणाऱ्या तड्यानेच होते. म्हणून रॉन सिमेनहोइस आणि कार्ल बर्कलँड यांनी २००६ मध्ये खांब उताराला आडवा नव्वद सेंटिमीटर केला आणि थापा एकाच टोकाला ठेवल्या. तडा पडला त्याच किंवा पुढच्या थापेला तो दुसऱ्या टोकाला पोचला, तर उतार धोक्याचा. थापांच्या आकड्याचे महत्त्व इथे कमी झाले.

त्याच सुमारास कॅनडात आणि स्वित्झर्लंडमध्ये थापही गळाली. उताराच्या दिशेने मीटरभर लांब खांब कापून कच्च्या थरात करवत घालतात. निम्मी लांबी कापून होण्याआधीच तडा करवतीच्या पुढे सुटून थेट टोक गाठतो, तेव्हा तो थर लांबवर फुटू शकतो असे मानतात.